बाहेरचा केक, हॉलची रॉयल्टी आणि पुठ्ठ्याचे दोन मजले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न झालं, दादरच्या एका हॉलमध्ये, सकाळी लग्न आणि संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. ताईने सगळ्यांना कामं वाटून दिली तेव्हा केकचं काम माझ्या वाट्याला आलं. "भाऊ, सहा हजाराच्या वर जाऊ देऊ नको हां," एवढंच ती बोलली. मूळ तक्रार आहे ती हॉलने बाहेरच्या केकवर मागितलेल्या रॉयल्टीची, म्हणजे वस्तू बाहेरून आणली म्हणून हॉल लावतो त्या पैशांची, ती शेवटी येते. पत्र जरा लांबणारे पण सध्या लग्नसराईत माझ्यासारखे किती मामा-काका हेच करत दुकानं फिरत असतील म्हणून सगळं लिहितोय, तुम्हाला जमेल तेवढं छापा.

आधी घरात केक पाहिजेच कशाला यावरच दोन दिवस गेले. आईचं म्हणणं, मंगलाष्टका झालेल्या दिवशी पोरीच्या हातात सुरी कशाला द्यायची. भाची काही भांडली नाही, ती फक्त बोलली की आजी, माझ्या प्रत्येक वाढदिवसाला एक किलोचा पायनॅपल केक यायचा आणि चाळीतली वीस पोरं असायची, मला एकदा उंच केक कापायचाय. मग आई पण गप्प झाली. हौस आहे पोरीची, आयुष्यात एकदा मागितलं तिने, त्यावर मोठ्यांनी लेक्चर द्यायचं नसतं असं मला मनापासून वाटतं. फक्त ती हौस कर्ज न काढता कशी भागवायची हे शिकायला मला तीन आठवडे लागले.

पहिल्या दुकानात गेलो तर त्यांनी विचारलं किती लोकं, मी म्हटलं साडेतीनशे, लगेच तीन मजली, आठ किलो, फाँडंटचा म्हणजे वरून साखरेचा लाटलेला थर लावलेला, 2,200 रुपये किलो. म्हणजे 17,600. वर नावाचा टॉपर 1,200, डिलिव्हरी 1,500. मी कोटेशन घेऊन घरी आलो आणि रात्री नीट वाचलं तर खाली 18 टक्के जीएसटी लावलेला. आता केक-पेस्ट्रीवर आधी 18 टक्केच होता पण 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झालाय, पेपरात येऊन गेलं होतं सगळं. 17,600 वर 18 टक्के म्हणजे 3,168 आणि 5 टक्के म्हणजे 880, सरळ 2,288 रुपयांचा फरक. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं तर म्हणाले जुना फॉरमॅट आहे, चुकून राहिलं. चुकलं असेल, पण मी वाचलं नसतं तर? ज्यांची लग्नं तेव्हापासून झाली त्यांनी आपापली बिलं एकदा काढून बघा.

त्या दुकानाचं तिथेच सोडलं आणि आमच्याच मजल्यावर वसईच्या एक आंटी राहतात त्यांच्याकडे गेलो. वसईत त्यांच्या माहेरी लग्नाचा केक घरातच व्हायचा. त्यांनी मला समोर बसवलं आणि पहिला प्रश्न केला, केक बघायला पाहिजे का खायला? मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं की त्यांच्याकडचा जुना फ्रूट केक म्हणजे मनुका, टुटीफ्रुटी, संत्र्याची साल असं सगळं रममध्ये भिजत घातलेलं, लग्नाच्या कितीतरी आधी भाजून ठेवलेला, आठवडेच्या आठवडे टिकणारा. तो इतका दाट असतो की प्रत्येकाला बोटाएवढा पातळ काप दिला तरी पोटभर वाटतं, आणि कागदात गुंडाळून घरी पण देतात. म्हणजे मजले उंच असले तरी वाटप हे असं छोट्या तुकड्यांचंच. आपण काय करतो, वाढदिवसाचा हिशोब लग्नाला लावतो. वाढदिवसाचा तुकडा 80 ते 100 ग्रॅमचा, किलोत दहा-बारा लोकं. लग्नात जेवण असतं, गुलाबजाम असतो, आइस्क्रीम असतं, तिथे 50 ग्रॅमचा तुकडा भरपूर झाला, किलोत वीस लोकं होतात.

आणि साडेतीनशे लोकं केक खातात का? नाही खात. स्टेजवर फोटो काढून अर्धी मंडळी थेट बुफेच्या लायनीत जातात, कारण रात्रीची कर्जत लोकल पकडायची असते. आम्ही ताई, भावोजी आणि मी बसून नावं लिहिली, घरची माणसं, तिकडचे व्याही, भाचीच्या ऑफिसच्या मैत्रिणी, चाळीतली पोरं, तर साठच्या आसपास झाली. साठ गुणिले 50 ग्रॅम म्हणजे तीन किलो. एक किलो जास्तीचा धरला, चार किलो. आठवरून चारवर आलो ते नुसती यादी करून.

पण उंची? उंची तर पाहिजे होती, मूळ हौसच ती.

दुकानवाले उंचीसाठी खालचे मजले थर्माकोलचे देतात, वर क्रीम किंवा फाँडंट लावलं की ओळखू येत नाही. यात फसवणूक काही नाही, आधी सांगितलं तर. पण माझ्या मनाला ते लागलं कारण आम्ही परळ-लालबागची माणसं, 2018 ला राज्यात डेकोरेशनच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या मखरवाल्यांचा धंदा बसता बसता राहिला आणि मग ते पुठ्ठ्यावर आले, आज सुंदर मखरं करतात पुठ्ठ्याची. गणपतीला चालत नाही ते नवरा-नवरीच्या केकखाली कसं चालतं? मी त्यातल्याच एका ओळखीच्या मखरवाल्याकडे गेलो, त्याने जाड पुठ्ठ्याचे दोन गोल डबे करून दिले, एक 12 इंची आणि एक 9 इंची, आतमध्ये आडवे-उभे पुठ्ठे खोचून, त्यावर मी स्वतः हात ठेवून दाबून बघितलं, हललं नाही.

घरी काही लोकांनी नाक मुरडलं, पुठ्ठ्याचा केक म्हणे. त्यांना मी सांगितलं की ज्या इंग्लंडमधून हा मजली केक आला तिथेच दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर होती, 1940 मध्ये केकला साखरेचं आयसिंग लावायलाच बंदी आली, तेव्हा लोकं पुठ्ठ्याचा मजली केक आणायचे, काही तर भाड्याने, आणि त्याच्या आत छोटासा खरा केक झाकून ठेवायचे. त्याच देशात 1840 ला राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाचा केक 300 पौंडाचा म्हणजे जवळपास 136 किलोचा होता. राणीने राणीच्या ऐपतीने केला, बाकीच्यांनी आपल्या. आपण पण तेच करतोय.

केक केला भांडुपच्या एका होम बेकर ताईंनी. त्यांच्याकडे जायचं ठरवलं ते दोन गोष्टी बघून. एक म्हणजे त्यांच्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर छापलेला होता, घरून विकणाऱ्यांना पण ही नोंदणी लागते आणि छोट्या धंद्याला तिची फी वर्षाला 100 रुपये आहे, तेव्हा नंबर नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायला लाजू नका. दुसरं म्हणजे वजन केकचं की सजावटीसकट हे त्यांनी न विचारता सांगितलं. फाँडंटचा थर जड असतो आणि तो खूप लोकं सोलून प्लेटच्या कडेला ठेवतात, म्हणजे 2,200 च्या भावाने घेतलेली साखर टाकून द्यायची. शिवाय फ्रिजमधून काढला की मुंबईच्या दमट हवेत त्याला घाम सुटतो आणि वर चिकट होतो. आपल्याकडे डिसेंबरात पण दुपारी 30-32 डिग्री असतं, हॉलचा एसी पाहुणे आल्यावर लावतात, त्यात बटरक्रीम पण ढिलं पडतं. म्हणून वरचा खरा केक चॉकलेट गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणाचा केला, तो जरा दम धरतो. पुठ्ठ्याच्या मजल्यांवर आधी फूड ग्रेड फॉइल आणि मग क्रीम, कारण ते कोणी खाणारच नव्हतं.

बिनअंड्याचा करावा लागला, रिसेप्शन मार्गशीर्षातल्या गुरुवारी होतं, तिकडच्या सासूबाईंचा उपास होता आणि आमच्याकडचे पण बरेच जण त्या महिन्यात पाळतात. बिनअंड्याचे किलोमागे 100 रुपये जास्त घेतात बऱ्याच ठिकाणी, या ताईंनी भावातच धरले होते.

फुलं साखरेची सांगितली असती तर एकेका फुलाचे वेगळे पैसे, कारण ती हाताने पाकळी पाकळी करून बनवतात आणि त्या मेहनतीचे पैसे असायलाच पाहिजेत, आपल्याला परवडत नाही एवढंच. मी पहाटे दादरच्या फूलमार्केटमधून गुलाब आणि शेवंती आणली, हाराच्या फुलांबरोबरच, देठांना फॉइल गुंडाळून फक्त पुठ्ठ्याच्या मजल्यांत खोचली, खऱ्या केकला फूल लावलं नाही कारण मार्केटच्या फुलांवर औषध मारलेलं असतं. कण्हेर तर केकच्या जवळ पण नेऊ नका कोणी, विषारी असते.

आईला क्रीम चालत नाही, तिच्यासाठी मी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या मेरवानमधून मावा केक आणले, 1914 पासूनचं दुकान, सकाळी लवकर गेलं तरच मिळायचे. केक नको म्हणणारी आई दोन मावा केक चहात बुडवून खाऊन मग हॉलवर आली.

हिशोब असा झाला. वरचा दोन किलोचा खरा केक 1,100 ने 2,200, पुठ्ठ्याचे दोन मजले क्रीम लावून 1,500, मागे किचनमध्ये ठेवलेला दोन किलोचा साधा ट्रे केक, तोच स्पंज, तोच गनाश, फक्त सजावट नाही, तो 700 ने 1,400, आणि भांडुपहून एसी टॅक्सी 450. एकूण 5,550. ट्रे केकचं खरंच सगळ्यांनी करा, पाहुण्यांना प्लेटमध्ये तुकडाच येतो, तो कुठल्या मजल्यावरचा ते कोणाला कळत नाही. टॅक्सीत केक मांडीवर घेऊ नका, मांडी हलते, सीट उतरती असते, खाली पायाजवळ सपाट जागेवर डबा ठेवायचा, आणि मजले हॉलवर पोचल्यावर एकावर एक रचायचे.

आता ज्याच्यासाठी मुळात पत्र लिहायला बसलो ते. केक घेऊन हॉलच्या दारात उभा आहे तर मॅनेजर म्हणतो बाहेरचा केक आहे, 5,000 रॉयल्टी पडेल. बाहेरचा केटरर, बाहेरचा डेकोरेटर यांची रॉयल्टी बुकिंगच्या कागदावर लिहिलेली होती, ती आम्ही वाचून सही केलेली, केकचा त्यात एक शब्द नाही. मी कागद दाखवला. तो म्हणाला रूल आहे, सगळे देतात, नाहीतर आमच्याकडूनच केक घ्यायचा होता. साडेपाच हजाराच्या केकवर पाच हजार! आत गुरुजींची आवराआवर चाललेली, भावोजी सकाळपासून उभे, केक हातात वितळतोय, अशा वेळी मुलीकडचा माणूस काय भांडणार? आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं. शेवटी 2,000 वर तुटलं, ते मी माझ्या खिशातून दिले, ताईला त्या दिवशी सांगितलं नाही.

माझी विनंती एवढीच आहे की मुंबईतल्या हॉलवाल्यांनी, विशेषतः जे हॉल ट्रस्टचे आहेत आणि जिथे मध्यमवर्गीय माणूस परवडतं म्हणून जातो त्यांनी, केकची रॉयल्टी घ्यायची असेल तर बुकिंगच्या कागदावर आकडा छापावा, छापला नसेल तर घेऊ नये आणि घेतली तर पावती द्यावी. आणि वाचकांनी बुकिंग करतानाच विचारून घ्यावं, बाहेरचा केक चालेल का, आणि ते "चालेल" त्याच कागदावर पेनाने लिहून सही घ्यावी.

भाचीने केक कापला, उंच होता, तिच्या खांद्यापर्यंत आला टेबलावर. चाळीतल्या पोरांनी ट्रे रिकामा केला. त्या दोन हजारांची पावती "ऑफिस उघडलं की देतो" म्हणाले होते, मी त्यानंतर दोनदा जाऊन आलो, अजून मिळालेली नाही.

आपला,
मुलीचा मामा
परळ, मुंबई