नाडीची गाठ

गावभाग, सांगली
4 मे 2025

प्रिय शैला,

परवा फोनवर तू म्हणालीस, साताऱ्यात ऊन तापलंय आणि तुला पुन्हा उन्हाळी लागलीय. मी आपली सब्जा भिजत घाल म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, की सकाळी साडेसहाला नेसलेली साडी तू दुपारी दीडला सोडतेस आणि पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी आणतेस, कारण शाळेतल्या त्या एवढ्याशा ओल्या बाथरूममध्ये निऱ्या सांभाळत बसणं जमत नाही. सब्जा काय करणार त्याला? पाणी प्यायचं नाही आणि लघवी तुंबवून ठेवायची, म्हणजे जंतूंना आयतंच घर. मागच्या वर्षी मार्चमध्ये शिक्षकांच्या पेहरावाचा जीआर निघाला, त्यात साडीबरोबर सलवार-कुर्ता-दुपट्टाही चालेल असं लिहिलंय. तुमच्याकडे कुणी सक्ती केलेली नाही हेही तूच सांगतेस. फक्त तू ड्रेस घालून गेलीस तेव्हा स्टाफरूममध्ये "आज ट्रिप आहे का मॅडम?" असं विचारलं, एवढंच. पण तेवढ्यावर तू तो ड्रेस कपाटात टाकलास तो टाकलासच.

असो. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. त्या दिवशी बोलता येईना, सासूबाई शेजारीच शेंगा सोलत बसल्या होत्या.

संक्रांतीच्या आधी त्यांनी मला दोन परकर दिले, नाडी बदलून दे म्हणून. जुनी नाडी ओढून काढली, नवीच्या टोकाला सेफ्टी पिन लावली आणि नेफ्यातून सरकवत होते, तर उजव्या बाजूला पिन अडली. कापड तिथं कडक झालेलं, आतून चिकटलेलं. उलटं करून बघितलं तर पिवळट तांबूस डाग, धुऊनही न गेलेला. दुसऱ्या परकरालाही त्याच जागी. सव्वीस वर्षं मशीनवर बसतेय मी, नेफ्याला घामाचे डाग रोज बघते. हा घामाचा नव्हता.

विचारलं तर आधी काही नाही म्हणाल्या. मग मुंगी चावली म्हणाल्या. शेवटी रात्री दार लावून दाखवलं. कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळा पट्टा, बैलाच्या मानेला जू घासून घट्टा पडतो तसा. आणि उजवीकडं, बरोबर गाठ येते तिथं, रुपयाएवढी जखम, कडा उचललेल्या. दीड वर्ष होती म्हणे! हळद भरायच्या, खोबरेल लावायच्या, मेडिकलमधनं कसलंसं मलम आणायच्या आणि त्याच्यावर पुन्हा नाडी आवळायच्या. मी ओरडले तर म्हणाल्या, "कमरेचं दुखणं कुणाला दाखवायचं गं?" एका घरात राहून मला पत्ता नाही, शैला. आणि त्यांचे परकर शिवते मी.

दुसऱ्या दिवशी मिरजेला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी एक परकर धड शिवला नाही. बाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं, तेच डोक्यात फिरत होतं. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर दोरी घासते, खाली घाम आणि मळ साचतो, कातडी आधी काळी पडते, जाड होते, मग चिरते. चीर भरते, पुन्हा उघडते. अशी जखम वर्षं-वर्षं चिघळत राहिली तर क्वचित तिथं कातडीचा कॅन्सर होतो. जुन्या जखमेतून होणाऱ्या त्या प्रकाराला मार्जोलिन अल्सर म्हणतात. फार थोड्यांना होतो, घाबरू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या डॉक्टरांच्या नियतकालिकात अशाच दोन बायकांबद्दल लिहिलंय. एक सत्तर वर्षांची, तिची जखम अठरा महिन्यांची. दुसरी परकर न घालता लुगडं नेसणारी, तेच चाळीस वर्षं कमरेला आवळलेलं. म्हणजे नुसती नाडी काढून भागत नाही, आवळणंच कमी करायला हवं. पेपरवाले याला साडी कॅन्सर म्हणतात, ते मला बिलकूल पटलं नाही. साडीनं काय केलंय?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, बायकांचं काहीतरी असतंच. मग मी बाईंनी सांगितलेली पुढची गोष्ट काढली: धोतर घट्ट नेसणाऱ्या पुरुषांच्या कमरेला होणाऱ्या अशाच कॅन्सरबद्दल मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी 1945 लाच लिहून ठेवलंय. त्यावर हे काही बोलले नाहीत. रात्री मात्र पट्टा एक भोक सैल केलेला मी बघितला.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. जखम भरायला अडीच महिने लागले, आणि तेही मी रोज ड्रेसिंग करताना त्यांना गाऊनवर ठेवलं म्हणून. गाऊनवर! कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला बोलवायला आल्या तर "सांग झोपलेत म्हणून." जखमेपेक्षा त्यांना गाऊनचाच त्रास जास्त झाला.

यावरून 2019 चा महापूर आठवला. आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आम्ही तिकडं वर एका शाळेत होतो. वर्गात पुरुषमाणसं, पोरं, सगळी एकत्र. तीन दिवस ओलं लुगडं अंगावरच वाळवणाऱ्या बाया मी बघितल्यात, मी स्वतः त्यातलीच. कोरडे कपडे मिळाले होते गं, बदलायला आडोसा नव्हता. नंतर जांघेत नायटा उठला तो चार महिने गेला नाही. गेला नाही कारण मीही मेडिकलमधनं मलम आणलं. स्टेरॉइडचं होतं ते. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश, आणि आत नायटा पसरत जातो. तेव्हा मीही कुणाला दाखवलं नव्हतं, मग सासूबाईंना कुठल्या तोंडानं बोलू?

आता धंद्याचं ऐक. मी परकराला नाडी लावणं बंद केलंय. चार बोटं रुंद पट्टा, आत मऊ सुती अस्तर, बाजूला हुकांच्या तीन ओळी. जेवण झालं की एक हुक मागं घ्यायचा. भार एका रेघेवर न येता सगळ्या पट्ट्यावर पसरतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. पहिल्या आठवड्यात दोघींनी परत आणून दिले, "नाडीशिवाय साडी सुटल्यासारखं वाटतं" म्हणून. एकीला मी म्हटलं, सुटली का? म्हणाली, सुटली नाही, पण वाटतं. त्यांना नाडीचे शिवून दिले, काय करणार, पण जरा खाली-वर बांधत जा आणि काळा पट्टा दिसला तर दाखवा, हे सांगून. त्यातली एक हळूच मागं थांबली आणि पडदा ओढायला लावला. तिला तिथूनच मिरजेला पाठवलं.

सासूबाई आता पट्ट्याचाच नेसतात. आधी म्हणाल्या, "सैल नेसून मी चौकात उभी राहू होय?" आता भिशीच्या बायकांना मलाच विचारून नमुना दाखवायला नेतात. फक्त आपली जखम सांगत नाहीत. सुनेनं नवी फॅशन काढलीय म्हणतात. म्हणू देत.

तुझ्यासाठी दोन कापून ठेवलेत, एक मोतिया आणि एक आकाशी. मुद्दाम फिकटच घेतलेत, डाग पडला तर दिसायला हवा. कमरेचं माप पाठव. उभं राहून, पोट आत ओढून घेतलेलं नको, आपण दोघी दहावीपासून तसंच देत आलोय. जेवल्यावर खाली मांडी घालून बस आणि मग टेप लाव.

तुझी,
मंगल