वधस्तंभाखालची थट्टा आणि आपल्या मंडळीतली थट्टा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडे आला की पेपरात येशूच्या दुःखसहनावर एखादा लेख असतोच. यंदा तुमच्याकडे आलेला लेखही चांगला होता, पण सगळा भर खिळे, चाबूक आणि रक्तावर. आमच्या चर्चमधे दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश होतात तेव्हाही हेच चालतं, अंगावरच्या जखमांचं वर्णन इतकं की पुढच्या बाकावरची लहान पोरं आईला चिकटतात. मला म्हणायचंय ते एवढंच, की शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची हकिकत, उघडा आणि एकदा सावकाश वाचा. मत्तयाने खिळे ठोकतानाचं वर्णनच केलेलं नाही. त्याला वधस्तंभावर दिल्यावर, असं म्हणून तो लगेच पुढे जातो. खिळ्यांच्या खुणांचा विषय निघतो तो नंतर, योहानाच्या शुभवर्तमानात, शिष्य थोमाच्या तोंडून. पण लोकांनी त्याची थट्टा कशी केली ते मात्र शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनी तपशिलात लिहून ठेवलंय, कोण काय बोललं ते सुद्धा.

बघा ना. रात्री पहारेकऱ्यांनी डोळे बांधून मारलं आणि विचारलं, ओळख कोणी मारलं ते. सकाळी गालीलचा अधिपती हेरोद याने भारी झगा घालून रोमी सुभेदार पिलाताकडे परत पाठवलं. मग शिपायांनी जांभळं वस्त्र घातलं, काट्यांचा मुकुट केला, हातात राजदंड म्हणून वेत दिला, समोर गुडघे टेकले, यहूद्यांच्या राजाचा जयजयकार केला आणि तोच वेत हिसकावून डोक्यात मारला. वर टांगल्यावर येणारेजाणारे माना हलवून म्हणतात, मंदिर तीन दिवसांत बांधणार होतास ना, आता स्वतःला वाचव. याजक आणि शास्त्री, म्हणजे धर्मातली मोठी माणसं, आपसात म्हणतात, दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही. शेजारी टांगलेले लुटारू सुद्धा. ज्यांना स्वतःला त्याच वेदना चालल्यात ते पण. (लूक सांगतो की त्यातला एक नंतर बदलला, पण मत्तय दोघांनाही थट्टेकऱ्यांतच धरतो.)

यात एक वाक्य आहे जे उपदेशात फारसं कोणी घेत नाही, आणि मला वाटतं अख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात भेदक वाक्य तेच. लूक तेविसाव्या अध्यायात सांगतो की हेरोद आणि पिलात यांचं आधी वैर होतं, त्या दिवशी ते एकमेकांचे मित्र झाले. कशावरून मैत्री झाली? एकाने एका कैद्याला सजवून दुसऱ्याकडे पाठवलं, एवढ्यावरून. दोन माणसांना जवळ आणायला तिसऱ्याची टवाळी पुरते हे लूकला दोन हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्या मंडळ्यांत पंचकमिटीच्या निवडणुकीवरून, चर्चच्या जागेवरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं मी बघितलीत. ती एकत्र हसताना दिसली की विषय हमखास तिसऱ्याचा असतो, पाळकांची बायको कशी राहते, अमक्याचा मुलगा अजून बिनकामाचा कसा, तमकी गाताना कशी बेसूर होते.

आता मुद्द्याची गोष्ट लिहिते. कोणत्या चर्चमधली ते लिहीत नाही, कारण नावापेक्षा जे झालं ते महत्त्वाचं. भगिनी मंडळाच्या मीटिंगमधे एका मावशींनी प्रार्थना केली. धुणीभांडी करून पोरं वाढवलेली बाई, शाळा नाही, बायबल दुसऱ्याकडून वाचून घेते आणि वचनं तोंडपाठ करते. तिची प्रार्थना म्हणजे सरळ बोलणं, देवबापा माझ्या नातीचा ताप उतरव, देवबापा घरमालकाला सुबुद्धी दे, नळाला पाणी येऊ दे, आणि बोलताबोलता पदर डोळ्याला लावून मोठ्याने रडणं. मागे बसलेल्या दोन कॉलेजच्या मुलींनी ते मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत तरुण संघाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ, खाली हसून हसून रडणाऱ्या इमोजी, घरमालकाच्या वाक्यावर कोणीतरी गाणं पण लावलेलं. आणि ग्रुपवर मोठी माणसं होती बरं का, संडे स्कूलला शिकवणारी होती. कोणीही बोललं नाही की हे काढा. मावशींना तिसऱ्या कोणाकडून तरी कळलं. आता त्या मीटिंगला येतात पण प्रार्थना करा म्हटलं की मान हलवून नाही म्हणतात.

बायबलमधल्या हन्नाची गोष्ट आम्ही बायका कितीदा ऐकतो. मूल नाही म्हणून सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षं हिणवायची, तेही घरात नव्हे, शिलोला देवाच्या घरी जायच्या वेळी. ती मंदिरात मन मोकळं करत होती, ओठ हलत होते आवाज येत नव्हता, तर एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आलीय. म्हणजे घरी सवत टोचून बोलते आणि देवळात याजक चुकीचं ओळखतो. फरक एवढाच की हन्नाने खरं सांगितल्यावर एलीने तिथल्या तिथे शब्द बदलला, शांतीने जा, इस्राएलाचा देव तुझं मागणं पुरवो म्हणाला. म्हातारा होता, त्याची स्वतःची मुलं बिघडलेली होती, पण एवढं त्याला जमलं.

बायबलच्या नीतिसूत्रांत सतराव्या अध्यायात स्पष्ट आहे की जो गरिबाची थट्टा करतो तो त्याला निर्माण करणाऱ्याची निंदा करतो. याहून सरळ कसं लिहायचं? स्तोत्रसंहितेचं पहिलंच स्तोत्र धन्य कोण ते सांगताना सुरुवातीलाच म्हणतं की जो टवाळखोरांच्या बैठकीत बसत नाही तो. थट्टा करत नाही एवढंच नाही, बैठकीत बसत पण नाही. ग्रुपमधे गप्प राहून बघणारे सगळे त्या बैठकीतच आले, माझं तरी असंच मत आहे. याकोबाने तर आपल्या पत्रात लिहिलंय की सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्याच्या गरिबाला पायाशी बस, असं कराल तर तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात.

आणि ही टवाळी फक्त गरीब श्रीमंत एवढीच नाही. आमच्या जुन्या मंडळीतले लोक टाळ्या वाजवून, हात वर करून भक्ती करणाऱ्यांना हालेलुयावाले म्हणून हसतात, ते आम्हाला नामधारी ख्रिस्ती, मेलेली चर्चं म्हणतात. आईवडील खेड्यातून आलेले असले तर पोरांच्या बोलीवरून हसतात, कोणाचं घराणं पूर्वी कोणत्या वस्तीतलं ते लग्न जमवताना बरोबर बाहेर निघतं. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत हेच झालं होतं, लोक शिष्यांना म्हणाले हे नव्या द्राक्षारसाने झिंगलेत. त्यांच्यातला पेत्र काय म्हणाला? अहो सकाळचे नऊ वाजलेत फक्त, हे प्यालेले नाहीत, आणि सरळ योएल संदेष्ट्याचं वचन समजावून सांगायला लागला. थट्टेला थट्टेने उत्तर दिलं नाही, आणि त्याच दिवशी सुमारे तीन हजार लोक आले.

आता कोणी म्हणेल बाहेरून आपल्याला जे बोलतात त्याचं काय. ते मला माहीतच आहे. पाववाले, विहिरीत पाव टाकून बाटलेले, तांदळाचे ख्रिस्ती, किती पैसे मिळाले, हे ऐकत आमच्या पिढ्या गेल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मधे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मराठीसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाला धर्मावरून विरोध झाला, ते आपण सगळ्यांनी बघितलं. हे लागतं, खोटं कशाला बोलू. पण येशूने हे आधीच सांगून ठेवलंय, माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील तेव्हा तुम्ही धन्य. रोमच्या पॅलाटाईन टेकडीवर १८५७ मधे भिंतीवर कोरलेलं एक जुनं चित्र सापडलं, वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि बाजूला ग्रीकमधे लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. कोण होता तो अलेक्सामेनोस, दुसरं काही माहिती नाही, त्याला चिडवलेलं तेवढं राहिलं. आपण त्याच्या बाजूचे आहोत. म्हणून तर मला राग येतो की आपणच कोणासाठी तरी भिंतीवर गाढवं काढतो.

आणि ख्रिस्ती लोकांच्या हातात सत्ता आली तेव्हा त्यांनी काय केलं तेही सांगितलं पाहिजे. ज्याच्या डोक्यावर यहूद्यांचा राजा अशी पाटी लावून हसले त्याच्याच लोकांना रोमच्या कार्निव्हलमधे गर्दीसमोर करमणूक म्हणून पळायला लावायचे, १४६६ पासून १६६८ पर्यंत, दोनशे वर्षं, पोपच्या शहरात. जर्मनीत विटेनबर्गला, प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या ल्यूथरच्या चर्चच्या भिंतीवर यहूद्यांना डुकरिणीबरोबर दाखवणारं शिल्प अजून आहे, २०२२ मधे जर्मनीच्या कोर्टात त्यावर केस चालली आणि ते काढायची गरज नाही असा निकाल लागला. आपल्या कोकणात बेने इस्राएल, म्हणजे इथले यहूदी, शतकानुशतकं तेलाचा धंदा करत, शनिवार पाळत शेजाऱ्यांमधे राहिले, त्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे पण असला छळ त्यांच्या वाट्याला इथे आला नाही. गुड फ्रायडेला यहूदी लोकांवर तोंडसुख घेणाऱ्या आपल्या उपदेशकांनी हे लक्षात ठेवावं.

दुसऱ्यांच्या देवांवर विनोद करणाऱ्या उपदेशकांचा आवडता दाखला एलीया संदेष्ट्याचा. कर्मेल डोंगरावर त्याने बआल देवाच्या संदेष्ट्यांना म्हटलं ना, मोठ्याने ओरडा, तुमचा देव झोपला असेल, प्रवासाला गेला असेल. म्हटलं, खरं आहे. पण एलीया एकटा होता, समोर साडेचारशे, आणि त्यांच्या मागे राणीची सत्ता होती. पुढच्याच अध्यायात तो जीव घेऊन पळतो आणि झुडपाखाली मरण मागतो. तो दाखला घेऊन एसी हॉलमधे, माईकवर, आपल्याच माणसांसमोर शेजाऱ्याच्या देवाची नक्कल करायची आणि टाळ्या घ्यायच्या, यात एलीयाचं काही नाही. प्रेषित पौलाकडे बघा. इफिसमधे दोन वर्षांहून जास्त शिकवलं, एवढं की अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे बनवणाऱ्या सोनारांना धंदा बसेल अशी भीती वाटली आणि दंगल झाली. तेव्हा तिथला सरकारी चिटणीस, जो ख्रिस्ती नव्हता, जमावाला सांगतो की या माणसांनी ना देऊळ लुटलं ना आपल्या देवीची निंदा केली. विरोधकाने दिलेलं हे सर्टिफिकेट आहे. आज आपल्या गावातला एखादा सरपंच, एखादा पोलीस पाटील आपल्याबद्दल असं बोलू शकेल का?

महाराष्ट्रात हा धडा तर घरचा आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी पुराणांतल्या गोष्टींची खिल्ली उडवणारी पुस्तकं काढली, मग विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी १८५७ मधे त्यांच्याशी जाहीर वाद करायला उभे राहिले, दोन्हीकडून शब्दाला शब्द झाला. त्याने किती मनं वळली देव जाणे. आणि १८९५ मधे बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी पुलावर थुंकलं नाही. अभंग आणि कीर्तन घेऊन ते मंडळीत आले, आणि ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातली त्यांची गीतं आजही आम्ही दर रविवारी गातो. ज्यांनी पुराणांची टर उडवली त्यांची पुस्तकं कोण वाचतं आता?

संडे स्कूलबद्दल पण एक बोलते. अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या बेचाळीस पोरांना अस्वलींनी फाडलं ती गोष्ट सांगून मुलांना घाबरवू नका. ती कठीण गोष्ट आहे, मोठ्यांनाही पचत नाही. त्यापेक्षा याइराच्या घरची सांगा, मुलगी मेली नाही झोपलीय म्हटल्यावर लोक येशूला हसले, त्याने त्यांना बाहेर काढलं, कोणाला शाप दिला नाही, मुलीचा हात धरून उठवलं आणि घरच्यांना म्हणाला हिला खायला द्या.

मावशींच्या प्रकरणात माझी मागणी साधी आहे. तो व्हिडिओ ज्या ज्या फोनमधे आहे तिथून काढा. त्या दोन मुलींच्या आईवडिलांनी त्यांना घेऊन मावशींच्या घरी जावं, पाळकांनी सोबत जावं, आणि ग्रुपवर गप्प बसलेल्या आम्हा मोठ्यांनीही जावं. माफी तिच्या दारात मागायची, ग्रुपवर मेसेज टाकून नाही. मीटिंगमधे त्यांना प्रार्थना करा असा आग्रह लगेच कोणी करू नये, त्यांना वाटेल तेव्हा त्या करतील.

आपली,
एक वाचक भगिनी, अहिल्यानगर