अलिबागच्या घोडागाडीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फेसबुकवर नाही, पण मुलगा वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहिते. ओहोटीला तुमच्या गाडीतून कुलाबा किल्ल्यावर गेलेल्यांनाही हे कळलेलं बरं.

सुरूच्या बनामागे पुरलेली लाडकी घोडी पुन्हा उकरायची म्हणजे जिवावर येणारच. तरी माझ्या प्रबंधासाठी तुम्ही राणीची कवटी काढून दिलीत. मी तेवढीच मागितली होती. "लगाम खालच्या जबड्यावर बसतो, तो नको का?" म्हणत जबडा तुम्हीच शोधलात. माझा अर्धा प्रबंध आज त्या जबड्यावर उभा आहे.

व्हर्नियरने (जबड्यांत वस्तू धरून मापायची पट्टी) कवटीची लांबी-रुंदी मिळते, तीही बाहेरून आणि सरळ रेषेत. म्हणून सगळ्या बाजूंनी फोटो काढून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती केली. त्याला ढगाळ हवा उत्तम, हाडावर कडक सावल्या पडत नाहीत. (पावसाळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी ऐकावं!) आतलं बघायला सीटी स्कॅन केला, तर सायनसमध्ये, म्हणजे कवटीतल्या हवेच्या पोकळ्यांत, वाळू. स्कॅनमध्ये तीही पांढरीच उमटते, त्यामुळे हाड कुठे संपतं आणि अलिबागची पुळण कुठे सुरू होते, हे सॉफ्टवेअरला कळेना. कवटी हलवून, पाण्याने धुऊन वाटीभर वाळू काढली आणि पुन्हा स्कॅन केला.

घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर झिजते आणि तेवढीच हिरडीतून वर सरकते. तरण्या घोड्याच्या वरच्या, मागच्या दाढा सायनसमध्ये खोलवर शिरलेल्या असतात. वय वाढतं तशा त्या आखूड होतात आणि पोकळी मोठी होते. राणीच्या दाढा जेमतेम उरल्या होत्या. दात बघून तुम्ही सांगितलेल्या वयाशी ते जुळलं.

खरी गंमत जबड्यात निघाली. "डावीकडे तोंडाला जड होती," म्हणजे त्या बाजूच्या लगामाला लवकर दाद देत नव्हती, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. मी थ्रीडी स्लायसर या स्कॅन बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट मिळतं बरं का) जबड्याची उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटवून डावीवर बसवली. फरक जास्त तिथे रंग लाल. जवळजवळ सगळा जबडा हिरवा आला. फक्त डावीकडे, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, लगामाचं लोखंड टेकतं नेमकं तिथे, लाल ठिपका. हाडावर हाड चढलं होतं, डोळे मिटून बोट फिरवलं तरच लागेल इतकंच. एका घोडीवरून नियम मांडता येत नाही, म्हणून आता आणखी जबडे शोधते आहे. पण मोजायचं कुठे, हे कुणी सुचवलं असं सरांनी विचारलं तेव्हा मी ताठ मानेने तुमचं नाव सांगितलं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव कसं छापू, पूर्ण की नुसतं 'काका', तेवढं कळवा. राणीचं घातलं आहे.

तुमची,
कवटीवाली मुलगी