करंबिट धरलेल्या हाताबरोबर पायही दाखवा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत करंबिट या वाकड्या पात्याच्या शस्त्रावरचा लेख वाचला. हातातून कधीच न सुटणारं, स्पर्धांत सिद्ध झालेलं, अजिंक्य शस्त्र असं त्याचं वर्णन आहे आणि छायाचित्राखाली ‘फिलिपिनो चाकू’ असं छापलं आहे. नोकरीनिमित्त अडीच वर्षं मी इंडोनेशियात, पश्चिम सुमात्रातल्या पाडांगला होतो. तिथे रोज रात्री सिलेक ही युद्धकला शिकलो. त्यामुळे लिहिल्यावाचून राहवलं नाही.

सिलाटला तिथले मिनांगकाबाऊ लोक सिलेक म्हणतात. करंबिटचं मूळ बहुतेक जण त्यांच्याच मुलखात मानतात. शेतीच्या अवजारातून ते आलं आणि आकार वाघनखाचा, असं तिथे सांगतात. फिलिपिन्समध्येही ते शिकवतात, पण २००९ साली कायद्याने तिथला राष्ट्रीय खेळ ठरलेल्या आर्निस या युद्धकलेची ओळख वेताच्या काठीची आहे. स्पर्धांबद्दल म्हणाल, तर २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई खेळांत सिलाटला पदकं होती, मात्र लढती रिकाम्या हाताच्या. एकट्याने सादर करायच्या ‘तुंगगल’ प्रकारात शस्त्रं असतात, तीही गोलोक नावाचा कोयता आणि लांब काठी.

आता कडीविषयी. मुठीच्या टोकाला कडी असते. उलट्या पकडीत तर्जनी तिच्यात जाते आणि पातं करंगळीकडून बाहेर निघून पुढे वळतं. हात घामाने निसरडा झाला, मनगटावर फटका बसला, तरी ते पडत नाही. बोटं उघडून समोरच्याची बाही पकडता येते. आतली धार विळ्यासारखी ओढली की कापते, त्यामुळे हात मागे घेतानाही ती काम करते. लेखकाने हे सगळं बरोबर लिहिलं आहे.

पण न सुटणं हाच धोकाही आहे. एका रात्री सरावात माझ्या हातात बोथट अ‍ॅल्युमिनियमचं करंबिट होतं. जोडीदाराने मूठ धरून पिळली. साधा चाकू असता तर मी सोडून मोकळा झालो असतो. इथे बोटच अडकलेलं. तर्जनीचं पेर इतकं सुजलं की तीन आठवडे पेन धरता आलं नाही. त्यानंतर महिनाभर गुरूंनी मला एकच काम दिलं: कडीतून बोट घालायचं आणि काढायचं, रोज पन्नास वेळा.

दुसरी अडचण अंतराची. उलट्या पकडीत पातं मुठीपुढे जेमतेम येतं. तेवढ्याच लांबीचा सरळ चाकू सुलट्या पकडीत कितीतरी पुढे पोचतो. आर्निस खेळणारा एक मित्र सत्तर सेंटिमीटरची काठी घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा मी जवळ जाण्याआधीच माझ्या मनगटावर तीन फटके बसले होते. टोक खुपसायचं तर हात कमानीत फिरवावा लागतो, मग कोपर उघडं पडतं. जाड कपड्यात पातं आकड्यासारखं गुंततं आणि ते सोडवेपर्यंत तो हात निकामी. धार लावणंही जिकिरीचं, कारण आतल्या बाकाला सपाट दगड लागत नाही. मी बांबूच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासत असे.

मग हे शस्त्र टिकलं कसं? लेखात नेमकी ही बाजू नाही. सिलेक खेळणारा खाली बसकण मारून, पाय चाचपत सरकतो. वार आला की अंग पिळून बाजूला होतो, त्याला ‘गेलेक’ म्हणतात. वार चुकला की तो प्रतिस्पर्ध्याच्या कोपराच्या आत पोचलेला असतो. तिथे लांब पातं अडचणीचं होतं आणि हे नखासारखं पातं मोकळेपणी फिरतं. मला पहिले आठ महिने करंबिट हातात मिळालंच नाही, नुसती पावलं शिकवली. तेव्हा राग यायचा. तर्जनी सुजल्यावर मात्र कळलं की मी चुकीच्या जागी उभा होतो म्हणूनच मूठ पकडली गेली.

बोटाभोवती करंबिट गरागरा फिरवताना सरावाच्या त्या अंगणात मी एकालाही पाहिलं नाही.

कृपया छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी. आणि लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर करंबिट धरलेल्या हाताबरोबर त्या माणसाचे पायही दिसतील असं छायाचित्र छापावं.

आपला,
एक नियमित वाचक