सोंगट्या कुठल्या घ्यायच्या?

प्रिय सुमे,

स. न. वि. वि. इकडे सगळे बरे. ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे.

हे तुलाच लिहितेय, कारण स्टाफरूममध्ये सांगितलं तर ‘धांदरट आहे पोरगं’ म्हणून विषय संपला. दुसरीच्या वर्गात बेरजेचा खेळ चालला होता. मधे पट, चौघं भोवती, प्लॅस्टिकच्या चकत्या. एक मुलगा हिशेबाला तल्लख. फासा पडला की घरं बरोब्बर मोजतो, पण उचलतो शेजारणीची सोंगटी. त्याची लाल, तिची हिरवी. ती ओरडली, “बाई, हा रडीचा डाव खेळतोय!” तो काही बोलला नाही. दोन्ही चकत्या घेऊन खिडकीशी गेला आणि उजेडात आलटूनपालटून बघत राहिला. सुमे, मला तुझा दादा दिसला गं. माडीवरचा ल्युडो, सगळ्यांनी त्याला ‘रडव्या’ म्हणणं, आणि मग नोकरीच्या मेडिकलनंतरचा काकूंचा चेहरा.

(कॅरमची राणी मात्र माझीच होती. तुझं कव्हर पडलंच नव्हतं. अजून भांडेन.)

लाल-हिरव्याचा हा घोळ, म्हणजे रंगांधळेपणा, मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त. आणि ल्युडोचे रंग तेच: लाल, हिरवा, पिवळा, निळा. शाळेची खरेदी याच आठवड्यात ठरायचीय, सगळ्या वर्गांना वर्षानुवर्षं पुरतील अशा सोंगट्यांची. अप्पा बळवंत चौकातून नमुने आलेत. रंग चार, आकार एकच, आणि इतक्या पातळ की बाकावरून नखाने उचकटाव्या लागतात. मी हट्ट धरलाय: रंग हवे तेवढे असू देत, पण आकार वेगळे हवेत. गोल, चौकोनी, त्रिकोणी, चांदणी. जाड, धुता येतील अशा. मग बोटांनाही कळतं, मोतीबिंदूवाल्या आमच्या सासूबाईही खेळू शकतात. घरी आम्ही तेच करतो. एकाला कवड्या, एकाला चिंचोके, एकाला बटणं, एकाला बाटलीची झाकणं. चिंचोक्यांना कीड लागते, ते दरवर्षी नवे घ्यायचे. गोट्या घरंगळतात. गुंजा दिसायला कितीही गोड असल्या तरी विषारी, त्या नकोतच.

भाचीचं बाळ आलं की मात्र सोळाच्या सोळा मोजून डब्यात, डबा माळ्यावर. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३.१७ सेंटिमीटर व्यासाचं नळकांडं असतं. त्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं. कॅरमची सोंगटी जेमतेम तेवढीच, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण तर आरामात मावतं. खेळण्यांवर आयएसआय मार्क २०२१पासून सक्तीचा आहे, पण सुट्या चकत्या घेताना तो बघतं कोण? मी बघणार आहे.

सोंगट्यांचं मी निभावेन. झोप उडालीय ती वर्गातल्या त्या मुलाच्या आईला कसं सांगायचं म्हणून. डोळे तपासून घ्या, एवढं सांगणं सोपं आहे. पण डॉक्टर सांगणार, हे आईकडून येतं, आणि ती एकत्र कुटुंबातली मोठी सून. तिचा काय दोष त्यात? पण घरात ते कोण ऐकणार? काकूंना तेव्हा काय काय ऐकावं लागलं, ते तू पाहिलंयस. त्यांना कुणी कसं सांगितलं असतं तर कमी लागलं असतं? आणि दादाला विचार, सातव्या वर्षी कळलं असतं तर बरं झालं असतं का. खरं काय ते विचार, माझ्या समाधानासाठी नको.

तुझ्या बदलीचं काय झालं? घर मिळालं का? लेकीचा निकाल कळव. काकूंना नमस्कार.

पालकसभा शनिवारी आहे. त्याआधी फोन कर, रात्री दहानंतर केलास तरी चालेल.

तुझीच,
मंदा