पूल टेबलाचे कापड बदलून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पूल टेबलावर, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळायच्या टेबलावर, तुम्ही नवे कापड चढवून गेलात, त्याला आज तीन आठवडे झाले. मजुरी त्याच संध्याकाळी चुकती झाली, तरीही तुमचे काही देणे राहिले आहे असे रोज वाटते, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

तुमच्याआधी दोघे जण हेच काम करून गेले होते. पहिल्यांनी मधल्या पॉकेटपाशी, म्हणजे चेंडू पडायच्या खळग्यापाशी, दिलेला काप पार कापडाखालच्या दगडी स्लेटच्या कडेपर्यंत आणला होता आणि दोन महिन्यांत तो फाटत फाटत टेबलावर आला. दुसऱ्यांनी कापड नवे घातले खरे, पण कोपऱ्यातल्या एका पॉकेटच्या कडेला बारीक चुणी तशीच सोडली. हळू सोडलेला चेंडू तिथे डावीकडे वळतो, असे माझ्या बारा वर्षांच्या मुलीने त्यांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "जोरात मारायला शीक, मग नाही वळणार." ते बोलणे तिच्या मनाला फार लागले. चार महिने तिने त्या पॉकेटकडे चेंडू मारला नाही, कारण दोष आपल्याच हातात आहे अशी तिची समजूत झाली होती.

पूलचा चेंडू २.२५ इंचांचा आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड सुमारे ४.५ इंचांचे, म्हणजे दोन चेंडू शेजारी ठेवले की ते जवळजवळ भरते. एवढ्याशा जागेत सपाट कापड गोल कडेवरून खाली वळवायचे असते; काप कमी पडले तर तिरप्या सुरकुत्या येतात आणि जास्त वर चढले तर कापड फाटते. हे मी तुमच्या हातांकडे पाहून शिकले. कात्री लावण्यापूर्वी तुम्ही प्रत्येक पॉकेटवरचे कापड तळहाताने किती वेळ चाचपत होता!

मात्र मला आयुष्यभर लक्षात राहील ती त्यानंतरची गोष्ट. सहाही पॉकेटे बसवून झाली होती, टेबलाच्या कडेची रबरी कुशन अजून भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलीला तुम्ही आत बोलावलेत. तिच्या हातात चेंडू देऊन तुम्ही म्हणालात, "बाळ, रोज तू खेळतेस. अगदी हळू सोड आणि कुठे अडतो ते मला सांग." तिने सहाही पॉकेटांकडे चेंडू सोडून पाहिला आणि खिडकीजवळच्या पॉकेटपाशी घुटमळत, घाबरत म्हणाली, की इथे किंचित सरकतो. मला तर काहीच दिसले नव्हते. तुम्ही डोळे मिटून त्या कडेवरून बोट फिरवलेत, "बरोबर आहे तुझे," एवढेच म्हणालात, आणि ठोकलेल्या पिना एकेक करून काढून ते पॉकेट पुन्हा पहिल्यापासून बसवलेत. बाहेर अंधार पडला होता आणि तुम्हाला लांब जायचे होते.

काका, कापड चांगले बसवणारे आणखीही कोणी असतील. पण लहान मुलीच्या सांगण्यावरून स्वतःचे पूर्ण झालेले काम उसवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. ज्यांचे म्हणणे सहज हसण्यावारी नेता येते, त्यांचे ऐकून घ्यायला मन मोठे लागते, आणि ते कोणत्याही पदवीने येत नाही. १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स याच पुण्यात जन्मले, आणि तरीही इथे मुलीचा खेळ म्हटला की सुट्टीतला विरंगुळा समजून त्याची बोळवण होते. तुम्ही तिला खेळाडू मानलेत.

आता ती शाळेतून आली की आधी खिडकीजवळच्या त्याच पॉकेटकडे एक चेंडू अगदी हळू सोडते. तो सरळ आत जातो. या बाजूला कधी आलात तर चहाला अवश्य या. तिला तो तुमच्यासमोर सोडून दाखवायचा आहे.

आपली कृतज्ञ,
तिची आई