लो-कार्बन शेतीत युरियाचं नाव का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत शेती आणि लो-कार्बन इकॉनॉमी, म्हणजे हवा तापवणारे वायू कमी सोडणारी अर्थव्यवस्था, यावर पानभर मजकूर आला होता. छान होता, फोटो पण मस्त, सोलर पॅनल, इलेक्ट्रिक ट्रॅक्टर, वर ड्रोन घिरट्या घालतोय. दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की अख्ख्या पानात युरिया हा शब्द एकदाही नाहीये. म्हणजे लग्नाचा अल्बम काढला आणि त्यात नवराच नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, लांबेल थोडं, जागा कमी असेल तर खुशाल कापा, फक्त युरियाचं कापू नका.

कारखान्याची चिमणी दिसते, गाडीचा धूर दिसतो, शेतातून जे जातं ते काही दिसत नाही. पण आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, सहाव्या अहवालात 2019 सालचा हिशोब आहे, जगाच्या एकूण उत्सर्जनात शेती, जंगल आणि जमिनीचा वापर मिळून 22 टक्के आणि वाहतूक 15 टक्के. या 22 टक्क्यांतलं साधारण निम्मं जंगलतोड, दलदली कोरड्या करणं वगैरेचं, म्हणजे शेतकऱ्याच्या बांधाबाहेरचं म्हणा हवं तर. उरलेलं निम्मं बांधाच्या आतलं, आणि गंमत अशी की त्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नावालाच आहे, बहुतेक सगळं मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. ट्रॅक्टरचं डिझेल तर या खात्यात धरतच नाहीत, ते एनर्जीत जातं. म्हणजे नाव लो-कार्बन शेती आणि भानगड सगळी नत्र (नायट्रोजन) आणि मिथेनची. नावातच घोळ असल्यामुळे लोक ट्रॅक्टरला बॅटरी लावून मोकळे होतात.

आता युरियाचा हिशोब करूनच दाखवतो, कागद पेन्सिल घ्या. 100 किलो युरियात नत्र 46 किलो. आयपीसीसीच्या ढोबळ नियमाने टाकलेल्या नत्रापैकी 1 टक्का थेट नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं, म्हणजे अर्धा किलो पण नाही, वायूच्या वजनात धरलं तर पाऊण किलोच्या आत. एवढंच ना, असं वाटेल. पण हा वायू 100 वर्षांच्या मापाने सीओटूच्या 273 पट तापवतो, आणि हवेत शंभरेक वर्षं टिकतो. गुणाकार केला की साधारण 200 किलो सीओटूइतकं होतं. शिवाय युरिया जमिनीत फुटतो तेव्हा त्याच्या पोटातला सीओटू सुटतो तो 100 किलोमागे 73 किलो, आणि कारखान्यात तो बनवताना जाळलेला गॅस वेगळाच. हे सगळं पीक हिरवंगार दिसत असताना चाललेलं असतं हो, म्हणून कोणाला पटत नाही.

मला पण पटत नव्हतं. बरीच वर्षं मी पण तेच करायचो जे सगळे करतात, पावसाचं वातावरण झालं की घाईघाईत युरिया फेकायचा, कारण मग पाणी द्यायला लागत नाही. एकदा असंच फेकला आणि रात्री धो धो पाऊस, सकाळी जाऊन बघतो तर शेतात घोट्याइतकं पाणी. तेव्हा डोक्यात एवढंच की खत वाहून गेलं, पैसे गेले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की वाहून गेलं ते गेलंच, पण जे राहिलं त्याचं पण भलं झालं नव्हतं. जमिनीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरल्या की काही जिवाणू ऑक्सिजन मिळत नाही म्हणून नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. खत टाकल्यावर जोराचा पाऊस झाला की हा वायू नुसता उसळून येतो, वर्षभराच्या उत्सर्जनातला मोठा वाटा अशा थोड्याच दिवसांत निघून जातो. म्हणजे माझी ती एक रात्र महाग पडली, मला पण आणि हवेला पण. तेव्हापासून वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर झाल्याशिवाय, युरियाला हात लावत नाही, एकदम न टाकता तीन हप्त्यांत देतो, आणि फेकत नाही, ओळीच्या कडेला मातीआड करतो. वर्षाचा युरिया पाव हिश्श्याने कमी झाला, पीक होतं तेवढंच आहे. यात ड्रोन कुठे आला?

जगभराची सरासरी धरली तर टाकलेल्या नत्रापैकी साधारण निम्मंच पिकात पोचतं. बाकीचं पाण्यात, हवेत. कुठल्या कारखानदाराने निम्मा कच्चा माल गटारात सोडला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं.

यावर लगेच कोणीतरी म्हणणार, मग बंदच करा ना रासायनिक खत. नाही, तसं पण नाही. फ्रिट्झ हाबरने 1909 ला हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशने तो कारखान्यात आणला, 1913 ला ओपाऊचा प्लांट चालू झाला, आणि आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या नत्रावर पिकलेलं खातात. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत निर्णय मागे घ्यायला लागला, तोवर भाताचा हंगाम बसला होता. सेंद्रिय वाईट असा याचा अर्थ नाही, मी स्वतः शेणखतवाला आहे, पण जमिनीला सवय मोडायला वेळ लागतो, कडधान्यं फेरपालटात आणायला लागतात, खत कुठून तरी यायला लागतं, सरकारी आदेशाने जिवाणू कामाला लागत नाहीत.

भाताचं सांगतो, कारण तिथे काम सगळ्यात सोपं आहे. खाचरात सतत पाणी उभं राहिलं की खाली मातीत हवा जात नाही आणि मिथेन तयार होतो, बराचसा तर भाताच्या रोपाच्या आतूनच वर येतो, रोप म्हणजे जणू पाइपच. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर जे काढलंय ते बघून हसू येईल इतकं साधं आहे, फूटभर लांबीची एक नळी, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडलेली, ती खाचरात रोवायची आणि आतली माती काढून टाकायची. मग नळीत डोकावून बघायचं, पाणी मातीच्या 15 सेंटिमीटर खाली गेलं की पुढची पाळी द्यायची, तोवर वर माती भेगाळलेली दिसली तरी घाबरायचं नाही, मुळं खालून पीत असतात. फक्त फुलोऱ्याच्या वेळी पाणी तोडायचं नाही. मिथेन तिसऱ्या हिश्श्याने, कुठे कुठे निम्म्याने कमी होतो, पाणी वाचतं ते वेगळंच, आणि उत्पन्न सहसा घटत नाही. अडचण एवढीच की हे करायला पाणी आपल्या हातात पाहिजे, कॅनॉलचं पाणी ज्याला ठरलेल्या दिवशीच मिळतं तो खाचर भरूनच ठेवणार, पुढचं कधी येईल याचा भरवसा नसेल तर कोण रिकामं ठेवेल? तेव्हा उगाच शेतकरी अडाणी म्हणू नका, पाणी सोडणाऱ्यांचं वेळापत्रक बघा. (जास्त वाळवलं आणि वरून नत्र जास्त टाकलं तर नायट्रस ऑक्साइड वाढतो हे पण खरं, म्हणजे फिरून परत युरियाच.)

गाईम्हशींच्या ढेकरांवर तुमच्याकडे आधीच भरपूर छापून येतं, जोक्ससकट, म्हणून मी एकच सांगतो, मिथेन हवेत साधारण 12 वर्षंच टिकतो, त्यामुळे आज कमी केला तर फरक आपल्या हयातीत दिसतो. 2021 ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत देशांनी 2030 पर्यंत 30 टक्के मिथेन कमी करायची शपथ घेतली ती यामुळेच, सगळ्या देशांनी नाही अर्थात.

आता ज्याच्यावर तुमचं निम्मं पान होतं ते, कार्बन क्रेडिट, म्हणजे शेतकऱ्याने मातीत कार्बन साठवायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे. वरच्या एक मीटर मातीत जगभर साधारण 1500 अब्ज टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे थोडासा वाढवला तरी मोठं काम होईल हे बरोबर. 2015 ला पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सने चार-दर-हजार ही कल्पना मांडली ती याच हिशोबावर, मातीतला कर्ब (म्हणजे हाच कार्बन) दरवर्षी हजारी चारने वाढवायचा. पण इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एका शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, तिथे एका तुकड्याला दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत देतात, कर्ब सुरुवातीला भराभर वाढला, मग वाढ मंदावत गेली. माती म्हणजे डब्यासारखी आहे, भरत आली की थांबते, आणि नांगर घातला की सांडते पण. आणि अजून एक गोष्ट जी कोणी क्रेडिटवाला सांगत नाही, मातीत टिकणाऱ्या कर्बात साधारण 12 किलोमागे 1 किलो नत्र लागतं. फुकटात कर्ब बसत नाही.

आमच्याकडे मागच्या वर्षी एक कंपनीवाले आले होते. नाव लिहीत नाही. मुलगा चांगला होता, पण मातीचा नमुना घेतला कुठे तर जिथे पूर्वी माझा उकिरडा होता तिथे. मी म्हटलं, अरे इथे तर कर्ब भरपूरच येणार, तर म्हणे काका ॲपमध्ये पॉइंट हाच आलाय. घेतला पण वरचा वीतभर थर, आणि नांगरट बंद केली की कर्ब वरच्या थरात गोळा होतो, खाली कदाचित कमी होत असेल, तो कोण मोजणार? मग मी त्याला सांगितलं की मी आठ वर्षांपासून पालापाचोळा जाळत नाही, आच्छादन करतो, तर तो म्हणाला मग तुमची ही जमीन स्कीममध्ये बसत नाही, आधीपासूनच करताय ना. म्हणजे ज्याने आठ वर्षं जाळलं तो पात्र आणि मी बाद. नियमामागचं लॉजिक मला कळतं, जे होणारच होतं त्याचे पैसे कशाला द्यायचे, पण मग असं करतो म्हटलं, एक वर्ष सगळं जाळतो, पुढच्या वर्षी या. हसला बिचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे की मातीत किती टन साठला याचे पैसे देण्यापेक्षा जे डोळ्यांनी दिसतं, मोजता येतं त्याचे द्या, नत्र किती कमी वापरलं, खाचर किती वेळा सुकवलं, शेणाच्या टाकीवर झाकण आहे का. आणि एखाद्या वर्षी पीक कमी आलं तर ती जोखीम कोणीतरी वाटून घ्या, कारण शेतकरी जास्तीचं खत हौसेने टाकत नाही, भीतीने टाकतो. दुसऱ्या टोकाला टॅक्सचा मार्ग आहे, डेन्मार्कने 2030 पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर लावायचं 2024 मध्ये ठरवलं, तिकडे न्यूझीलंडने त्याच वर्षी असाच बेत गुंडाळला, शेतकरी रस्त्यावर उतरले होते. कर नकोच असं मी म्हणत नाही, पण कर लावण्याआधी मोजमाप करायला माणूस तरी पाठवा, आणि उकिरड्यावर नको.

त्या कंपनीचा करार अजून माझ्या कपाटात पडलाय. एक तुकडा मी खंडाने कसतो, तो म्हणे बसतो स्कीममध्ये, करार 10 वर्षांचा. खंड मात्र दरवर्षी नव्याने ठरतो, पुढच्या वर्षी मालकाने जमीन काढून घेतली आणि दुसऱ्याने नांगर घातला तर भरपाई कोण देणार असं मी फोनवर विचारलं, विचारून सांगतो म्हणाला. अजून सांगितलं नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक